फाटकावरची गोकर्ण

नवीन पनवेल
१४ एप्रिल १९९१

चि. सौ. आभा,

'सौ.' मुद्दाम लिहिलं आहे. पाकिटावर तर त्याहून मोठ्या अक्षरात: सौ. आभा हितेश घरत, मु. करंजाडे. पोस्टातल्या माणसानं ते वाचलं असेल, वाचू दे. दीड वर्ष या घरात तुझं नाव कोणी उच्चारलं नाही. आज मी ते टपालात टाकते आहे.

तीन किलोमीटरवर राहणाऱ्या मुलीला पत्र लिहायचं म्हणजे विचित्रच. पण फोनच्या डायलला बाबांनी चिमुकलं कुलूप लावलंय आणि त्याची किल्ली त्यांच्या जानव्याला असते. सात वर्षं वाट पाहून मिळालेला फोन, बसवायला आला तो नेमका हितेश, म्हणून त्या बिचाऱ्या यंत्रावरही राग. शिवाय लाइनमनच्या स्वतःच्या घरी फोन नसतो, हे मला परवाच कळलं.

कुठून कळलं ते सांगते. भाजीबाजारात कोपऱ्यावर बसतात त्या बाईंकडून मी अकरा वर्षं वालाच्या शेंगा घेतेय. नाव कधी विचारलं नव्हतं. परवा त्यांच्या अंबाड्यात पांढरी गोकर्ण होती, दुहेरी पाकळ्यांची, मुलींच्या झालरीच्या फ्रॉकसारखी. अशी गोकर्ण मी पुण्याला आमच्या शाळेच्या कुंपणावर पाहिली होती, त्यानंतर परवाच. मी विचारलं, कुठली हो ही?

"आमच्या अंगनातली. सूनबायनं खोवली सकाली."

"हौशी दिसते सून."

त्यांनी शेंगा मापात टाकल्या, वर एक मूठ टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमचीच लेक हाय, बाय. दीड वरीस झाला, तुमी कदी इचारताय त्याची वाट बगत होते."

अशी माझी आणि तुझ्या सासूबाईंची ओळख झाली. चंद्रावतीबाईंनी मला वर्तमानपत्राच्या तुकड्यात पंधरा बिया दिल्या. हे पत्रही त्यांच्या टोपलीतून आलं असतं, त्या म्हणाल्याही. मी नको म्हटलं. चोरून काही करायचं नाही, असं ठरवलंय.

बिया आजच लावल्या. सिस्टर बर्नाडेटनी आम्हांला बागकाम शिकवलं होतं, ती वही माझ्याकडे अजून आहे. एप्रिलमध्ये पेरावं, कुंडीवर काचेची बरणी उपडी घालावी, म्हणजे कोवळ्या कोंबाला थंडी बाधत नाही. फाटकाच्या कडेनं सहा कुंड्या आणि त्यांवर हॉर्लिक्सच्या सहा बाटल्या अशी माझी पलटण उभी आहे. तू चौथीत असताना कापसात मटकी रुजवलीस आणि कोंब आला का म्हणून दर तासाला उठून बघत होतीस. माझं सध्या तेच चाललंय.

एक सांगायचं राहिलं. गेल्या जूनमध्ये तू आणि हितेश तुझी सर्टिफिकेटं न्यायला आलात आणि फाटकाला कुलूप बघून परत गेलात. कुलूप बाबांनी लावलं होतं. मी त्या वेळी बाजारात होते. शेजारच्या रमाताईंनी नंतर सांगितलं. घरी असते तर उघडलं असतं.

तुझी,
आई


१२ मे १९९१

चि. सौ. आभा,

उत्तर नाही आलं. हरकत नाही, मी लिहीत राहणार.

पलटण गारद झाली. एकही कोंब नाही. शेवटी माती उकरली तर बिया मऊ होऊन कुजलेल्या, बाटल्यांना आतून घाम. मी अपराध्यासारखी चंद्रावतीबाईंकडे गेले. त्यांनी सगळी हकिकत ऐकून घेतली, बाटल्यांची दोनदा ऐकली आणि मग शेजारच्या कोथिंबीरवालीला हाक मारली. "ऐकलंस का गो, या बायनी बिया लावल्या नाय, वाफवल्या. बरनी कशाला तर म्हने थंडी वाजंल." दोघी पदरात तोंड घालून हसत होत्या. पनवेलचा एप्रिल आणि थंडी! मीही हसले. सिस्टर बर्नाडेट आयर्लंडच्या होत्या हे वही उघडताना माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चाळीस वर्षं मी ते अक्षर देवाचा शब्द म्हणून जपलं. वही टाकली नाही. समासात लाल शाईनं लिहिलं, 'पनवेलला लागू नाही.' अजून कितीतरी पानांवर हे लिहायला हवं, असं लिहिताना वाटलं.

आता नव्या बिया आणि नवी शिकवण. बी टणक असतं, ते आधी दगडी पायरीवर घासायचं, रात्रभर पाण्यात ठेवायचं, सकाळी जे फुगेल तेच पेरायचं. आणि जून लागेपर्यंत हात बांधून बसायचं.

हे सांगता सांगता त्या म्हणाल्या, "तिला तिसरा म्हैना लागला. तुमाला कोन सांगनार, म्हनून मी सांगते."

मी पिशवी घेऊन तिथेच पालकाच्या जुड्यांजवळ बसले. त्यांनी मला पाणी दिलं. मी प्यायले. रमाताई पलीकडे कांदे निवडत होत्या, त्यांनीही पाहिलं.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आभा. माझं झालं, माझ्या आईचं झालं. तुझंही इथेच होणार, नोव्हेंबरमध्ये, तुझ्या खोलीत. त्या रात्री जेवताना मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी ताटाभोवतीचं पाणी पुसलं आणि म्हणाले, "या फाटकातून ती आत येणार नाही. शब्द आहे माझा."

तुझे बाबा शब्दाचे पक्के आहेत. चौतीस वर्षं मी ते कौतुकानं लोकांना सांगत आले. आता रोज दुपारी पायरीवर बसून त्या फाटकाकडे बघते. लोखंडी, एकाच झडपेचं, आत उघडणारं. त्यांनी शब्द दिलाय तो फाटकाचा. मग फाटकाचंच काहीतरी बघायला हवं.

तुझी,
आई


२८ जुलै १९९१

चि. सौ. आभा,

हे घाईत लिहितेय.

वीस बिया घासल्या, चौदा फुगल्या, बारा उगवल्या. आता वेल माझ्या खांद्याला लागलेत. गोकर्णीचा नवा शेंडा सकाळी एकीकडे बघत असतो आणि दुपारी दुसरीकडे. जवळ काहीतरी हवं असतं त्याला, मग ते काय आहे याची चौकशी करत नाही. दोरी द्या, काठी द्या, गज द्या.

पेणला कृष्णकांत भावजींचा पाय मोडला म्हणून बाबा बुधवारी तिकडे गेले, दोन आठवडे तरी राहतील. जाताना बजावलं, फाटक लावून घेत जा. ते कोपऱ्यावर वळले आणि मी फाटक पूर्ण उघडलं, पार मागे, कंपाउंडच्या भिंतीला टेकेपर्यंत. मग भिंतीत चार खिळे ठोकले. एक घाव बोटावर बसला, नख काळं झालंय. खिळ्यांपासून फाटकाच्या गजांपर्यंत सुतळ्या ओढल्या आणि एकेक वेल हातानं त्यांवर चढवला.

रमाताईंनी गच्चीवरून विचारलं, "अहो कुमुदताई, फाटक का बांधून घालताय?"

मी म्हटलं, "उघडं राहावं म्हणून. बंदच होत नाही ते फाटक कसलं?"

त्यांनी आधीच पिळलेला टॉवेल पुन्हा पिळला.

चार दिवसांत पाऊस असा की वेल सुतळीवरून गजांवर आणि गजांवरून परत भिंतीवर गेलेत. काल एक गाय आत शिरून बाबांचे दोन क्रोटन खाऊन गेली. तिला हाकललं, पण फार जोरात नाही.

आई


१३ ऑगस्ट १९९१

चि. सौ. आभा,

बाबा शुक्रवारी संध्याकाळी आले. एका हातात छत्री, एका हातात पिशवी. फाटक उघडं दिसलं म्हणून सवयीनं मागे हात नेऊन ओढलं. हललं नाही. परत ओढलं. मग त्यांनी चष्मा पुसला आणि नीट पाहिलं.

"कात्री आण."

मी आणली. त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "कापा. मात्र कळ्या आल्यात, सोमवारी उमलतील. श्रावणातला पहिला सोमवार."

तुला माहीत आहेच, या माणसानं आयुष्यात फक्त देवाच्या फुलापुढे हार मानली आहे. रोज पहाटे फिरायला जाताना प्लॅस्टिकची पिशवी घेऊन कॉलनीतल्या कुंपणांबाहेर आलेली तगर, जास्वंद तोडायची आणि आतून कोणी खाकरलं की पावलं जलद टाकायची. बँकेत पंचवीस वर्षं एका पैशाची चूक न केलेला माणूस! मागच्या महिन्यात पलीकडच्या धर्मराजांनी दारावर चक्क पाटी लावली: 'फुले तोडू नयेत'. ती कोणासाठी आहे ते आपल्या रांगेतल्या सगळ्या घरांना ठाऊक आहे.

बाबा कात्री घेऊन उभे राहिले. मग म्हणाले, "सोमवारची पूजा झाली की कापतो."

काल सोमवार होता. सकाळी सहाला अकरा फुलं, शुभ्र, पावसानं निथळणारी. बाबा सोवळं नेसून पितळी तबक घेऊन फाटकाशी आले. आपल्या दारची फुलं तोडायची त्यांची ही पहिलीच वेळ असेल. एकेक फूल देठाशी धरून खुडलं, पिंडीवर वाहिलं, आणि पूजा जरा जास्तच वेळ चालली. कात्री खिडकीत होती. दुपारी मी बघितलं तर ती शिवणाच्या डब्यात परत गेली होती.

आज सकाळी तेरा फुलं होती. उद्याच्या कळ्या मी मोजल्यात, त्यांनीही मोजल्या असणार. रात्री फाटकाला आडवा बांबू लावतात, गायीसाठी. सकाळी स्वतःच काढतात.

बी कुठलं ते त्यांनी विचारलेलं नाही. मीही सांगितलेलं नाही. यात मला थोडी मजा वाटते आहे आणि थोडी लाज. ते सांगितल्यावर काय होईल ते माहीत नाही, पण सांगणार आहे.

तुला आता सहावा. पाय सुजतात का? चंद्रावतीबाई म्हणतात, नाय सुजत. पण त्या मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगतात.

तुझी,
आई


२ सप्टेंबर १९९१

चि. आभा,

तुझं कार्ड शनिवारी आलं. पाच महिन्यांत दोन ओळी. 'फाटक उघडं आहे असं सासूबाईंकडून कळलं. मागच्या वर्षी मी आले होते तेव्हा पडदा हलला होता.'

हलला होता.

मी बाजारात नव्हते. बाबा होते बाहेर, बँकेत पेन्शनच्या कामाला. कुलपाची दुसरी किल्ली देवघराजवळ खिळ्याला होती, माझ्या हातापासून दोन पावलांवर. तू निळी साडी नेसली होतीस. हितेशनं स्कूटर बंद केली नव्हती, आणि तू त्याला हातानं खूण केलीस की बंद कर, आई उघडेल. हे मी पडद्यामागून पाहिलं. तू 'आई' अशी एकदाच हाक मारलीस, मोठ्यानं नाही. मी पडदा घट्ट धरला, तेव्हाच तो हलला असेल.

एप्रिलमध्ये मी तुला खोटं लिहिलं. त्याआधी वर्षभर स्वतःलाही तेच सांगत होते, बाबांनी कुलूप लावलं, बाबांनी कुलूप लावलं. बाबांनी लावलं हे खरं. उघडलं मी नाही.

भीती बाबांची वाटली असती तर तेवढं तरी बरं. रमाताई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. त्या काय म्हणतील, दुपारपर्यंत रांगेत काय होईल, एवढंच माझ्या मनात होतं. आभा, मी शाळेत असताना मराठी बोललं की गळ्यात लाकडी पाटी अडकवून वर्गाबाहेर उभं करायचे. मी ती पाटी एकदाही घातली नाही, फार हुशार होते म्हणून नाही, सगळ्यांनी बघायची भीती म्हणून. ती भीती मी छप्पन्नाव्या वर्षापर्यंत जपली आणि तुझ्यापेक्षा जास्त जपली. माफ कर असं लिहीत नाही. ते मागायला समोर यायला हवं.

आता दुसरी गोष्ट. काल सकाळी बाबा फुलं तोडत होते आणि धर्मराज रस्त्यावरून म्हणाले, "दीनानाथराव, झकास आहे हो गोकर्ण. बी कुठलं?" बाबा ऐटीत म्हणाले, "पुण्याचं असणार. आमच्या हिच्या कॉन्व्हेंटमधलं." रमाताई गच्चीवर होत्या. त्या असतातच.

मी पायरी उतरून फाटकाशी गेले आणि म्हटलं, "बी करंजाड्याचं आहे. आभाच्या सासूबाईंनी दिलं. आभाला सातवा आहे, पुढच्या महिन्यात ती बाळंतपणाला इथे येणार आहे."

हे मी रमाताईंच्या गच्चीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हटलं. धर्मराज म्हणाले, "अरे वा." आणि जरा थांबून पुन्हा, "अरे वा." मग चालायला लागले.

बाबांनी तबक भिंतीवर ठेवलं आणि आत गेले. तासाभरानं म्हणाले, "तीन आठवडे मी देवाला ती फुलं वाहिली."

मी म्हटलं, "देवानं काही तक्रार केली का?"

आज पहाटे प्लॅस्टिकची पिशवी घेऊन फिरायला गेले. वेलावर एकतीस फुलं तशीच आहेत. पण कात्री मागितलेली नाही, आणि गोकर्णीला कोणी खुडो न खुडो, उद्या परत फुलणारच आहे.

तुझी,
आई


२२ ऑक्टोबर १९९१

चि. सौ. आभा,

कार्ड मिळालं. 'बोलावलंय कोणी? तू की बाबा?' असं विचारतेस. अगदी त्यांची मुलगी आहेस.

मी बोलावते आहे. हे घर माझंही आहे. बाबांच्या मान्यतेची वाट बघत बसले तर तुझ्या बाळाला दात येतील. येत्या रविवारी, सत्तावीसला, सकाळी नऊ वाजता मी तुला न्यायला करंजाड्याला येते. रिक्षा ठरवली आहे. माहेरचं माणूस न्यायला आल्याशिवाय मुलगी निघत नाही, ही रीत चंद्रावतीबाईंनीच मला ऐकवली, म्हणाल्या, "फाटक उगडून ठेवलात ते बरा केलात, पन पोरगी काय गाय हाय, उगडा बगून आत यायला?" खरंच, मी फाटक उघडलं आणि सहा महिने पत्रं लिहीत बसले. यायला हवं होतं. त्या दिवशी दोन पावलं टाकली नाहीत, आता तीन किलोमीटर येते.

तुझी खोली झाडली. खाट खिडकीजवळ घेतली आहे. सुईणीशी नाही, बाजारपेठेतल्या डॉक्टरीणबाईंशी बोलून ठेवलंय. चंद्रावतीबाईंना म्हणावं, पहिले दहा दिवस त्यांनीही इथेच राहायचं आहे. तुला आंघोळ घालायचं मला वहीतून शिकून जमणार नाही. त्या म्हणतील, बाळाला वाफवू नका, ते मी ऐकून घेईन.

बाबांना काल सांगितलं, रविवारी आणते. ते पेपर वाचत होते. पान उलटलं. हो-नाही ऐकायला मी थांबले नाही.

फुलं आता कमी झालीत, शेंगा वाळल्या आहेत. दुपारच्या उन्हात तडकतात आणि बिया फरशीवर उडतात. मला वाटलं होतं, रविवारच्या गडबडीनंतर वेचू. आज देवघरात वातींचा डबा शोधताना बाबांच्या जुन्या चष्म्याचं घर हाताला लागलं. आत कागदाच्या पाच पुड्या, बँकेतल्या व्हाउचरसारख्या चोख घडी घातलेल्या. उघडून पाहिलं, प्रत्येकीत गोकर्णीच्या बिया. वरती त्यांचं ते बारीक, सरळ, उभ्या रेघांचं अक्षर:

'पांढरी गोकर्ण, दुहेरी. करंजाडे. ऑक्टो. ९१.'

दोन वर्षांत या गावाचं नाव त्यांनी तोंडातून काढलेलं नाही. मी पुड्या होत्या तशा ठेवल्या आणि डबा शोधत राहिले. त्यांना काही विचारणार नाही. तूही विचारू नकोस. आणि यावरून बाबांनी बोलावलं असंही समजू नकोस. बोलावलं आहे मी, आणि तू माझ्यासाठी यायचं आहेस.

रिक्षा आत पायरीपर्यंत येईल. वेल थोडे डोक्यावर लोंबतात, तेवढं वाकावं लागेल. पडदा मी धुवायला काढला होता, तो परत लावलेला नाही.

रविवारी नऊला तयार राहा.

तुझी,
आई